घर मुक्कामाला द्यावे, पण मालक गावात असावा

नंदुरबार जिल्ह्यातले सारंगखेडा हे माझे आजोळ. दत्तजयंतीला तापीकाठी घोडेबाजार भरला की गावातली घरे बाहेरच्या माणसांनी भरून जातात, आणि त्या दिवसांत माझी मामी ओसरी व मागची एक खोली मुक्कामासाठी भाड्याने देते. तिच्याकडे लाल पुठ्ठ्याची एक जुनी वही आहे. येणाऱ्याचे नाव, गाव, माणसे किती, गाडीचा नंबर आणि निघण्याचा दिवस एवढे लिहून झाल्याशिवाय ती किल्ली हातात देत नाही. नळाला पाणी कमी आले तर सकाळच्या आंघोळीच्या बादल्याही ती त्याच वहीवरून मोजून देते.

गेल्या यात्रेत त्याच गल्लीतले दुसरे एक घर मोबाइलवरून भाड्याने लागले होते. मालक सुरतेला स्थायिक आहे. दोन खोल्यांत चौदा जण उतरले, तिसऱ्या दिवशी शौचालयाची टाकी भरली आणि घाण पाणी गटारीतून मामीच्या ओट्यापर्यंत आले. मालकाचा फोन लागेना. ग्रामपंचायतीच्या दप्तरी त्या घराची नोंद केवळ घरपट्टीपुरती होती, त्यामुळे तिथे कोण उतरले आहे हे सांगणारे कोणीच नव्हते. शेवटी गल्लीतल्या लोकांनी वर्गणी काढून शहाद्याहून मैला उपसणारी गाडी मागवली.

या दोन घरांत मला जो फरक दिसतो, तोच नियमात यावा, असे माझे ठाम मत आहे. अल्पमुदतीच्या भाड्यावर सरसकट बंदी घातली तर मामीसारख्यांचे वर्षातले चार हक्काचे पैसे बुडतील. आणि काहीच नियम केला नाही, तर गावाबाहेरचा मालक कमाई घेऊन जाईल आणि पाणी, कचरा व मैल्याचा भार गल्लीवर पडेल. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे आणि खोल्या जास्तीत जास्त सहा असाव्यात, अशी अट आहे. अट योग्य आहे, परंतु योजना ऐच्छिक असल्याने जो तिच्यात येतच नाही त्याला ती लागू होत नाही.

जगातल्या मोठ्या शहरांनीही याच प्रश्नाला हात घातला आहे. ॲमस्टरडॅमने आपले राहते घर पर्यटकांना देण्यास वर्षाला ३० रात्रींची मर्यादा घातली, तर जपानने २०१८ पासून १८० दिवसांची. न्यूयॉर्कमध्ये २०२३ च्या सप्टेंबरपासून ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर देताना यजमानाने स्वतः तिथे हजर असावे लागते, पाहुणे दोनपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत आणि नोंदणी करणे बंधनकारक आहे. मला त्या कायद्यातली सर्वांत मोलाची वाटते ती पुढची तरतूद: नोंदणी नसलेल्या घराचे आरक्षण संकेतस्थळाने स्वीकारायचेच नाही. प्रत्येक घरामागे निरीक्षक धावू शकत नाही. पैसा ज्या दारातून जातो ते दार मात्र एकच असते.

आपल्याकडे हे कोणी करावे? सराईची नोंदणी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करण्याची सक्ती १८६७ च्या कायद्यानेच केली होती, म्हणजे प्रवाशांना उतरवून घेणाऱ्याची नोंद ठेवणे ही कल्पना नवी नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ मध्ये घरपट्टीबरोबर यात्रेकरूंवरील कराचाही उल्लेख आहे आणि कर आकारणीत घराच्या वापरानुसार भारांक (कर ज्याने कमी-जास्त होतो तो गुणक) वेगळा धरला जातो. जे घर ठरावीक रात्रींपेक्षा जास्त दिवस भाड्याने जाते आणि ज्यात मालक राहत नाही, त्याची आकारणी व्यापारी वापराप्रमाणे व्हायला हवी. मात्र कायद्यात नसलेला कर ग्रामपंचायत आपल्या मनाने लावू शकत नाही, आणि दूर कुठे कार्यालय असलेल्या कंपनीला ती नोटीस देत बसू शकत नाही. म्हणून संकेतस्थळांवरचे बंधन राज्याने घालावे आणि नोंदवही गावाने ठेवावी, अशी विभागणी मला रास्त वाटते.

आमच्याच जिल्ह्यात, सातपुड्यातल्या तोरणमाळकडे तर हे आणखी जपून करावे लागेल. तो अनुसूचित क्षेत्राचा, म्हणजे घटनेने खास संरक्षण दिलेल्या आदिवासी प्रदेशाचा भाग आहे; अशा क्षेत्रातल्या पंचायतींसाठी केलेल्या १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत आणि आदिवासींची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ नये, यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आहे. खरेदीखत न करता दीर्घ भाडेकराराने घरे आणि जागा बाहेरच्यांच्या ताब्यात गेल्या, तर त्या संरक्षणाचा हेतूच हरवतो. तिथे पाहुण्यांच्या घराला ग्रामसभेच्या संमतीशिवाय नोंदणी क्रमांक मिळू नये.

सारंगखेड्यात यात्रेपूर्वीची नेहमीची ग्रामसभा २ ऑक्टोबरला असते. मालकाचा किंवा गावातल्या जबाबदार माणसाचा फोन, खोल्या, माणसांची मर्यादा आणि शौचालयाच्या टाकीचे माप या चार रकान्यांच्या नोंदवहीचा विषय तिच्यापुढे ठेवावा, असा अर्ज मामीने या आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) दिला आहे. अर्जाचा मसुदा मी लिहून दिला. रकाने मात्र तिने तिच्या वहीच्या अनुभवावरूनच सांगितले.