दोष डोळ्याचा सोडून

आमच्या सांगलीत माणसाला कमी दिसू लागलं की पहिला दोष डोळ्याला कधीच जात नाही. तो बल्बला जातो, पेपरच्या छपाईला जातो. चाळिशी ओलांडलेला गडी गोळ्यांचं पाकीट हात लांब करकरून वाचतो आणि एवढी बारीक अक्षरं छापणाऱ्याला शिव्या घालतो. डोळ्यातलं भिंग ताठर झालेलं असतं, जवळचं बघताना पूर्वीसारखं फुगत नाही, एवढंच. हात पुरेनासा झाला की मग चष्मा.

आमचे एक काका मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात मुरलेले. साठीनंतर म्हणायला लागले, "यंदा माल जरा मळकटच हाय." रात्री कोल्हापूर रस्त्यानं येताना समोरच्या दिव्यांनी डोळे दिपायचे, तो राग पोरांच्या पांढऱ्या एलईडीवर. त्याच सुमारास त्यांचा वाचायचा चष्मा सुटला. घरात केवढं कौतुक! वास्तविक भिंगाच्या मध्यात मोतीबिंदू धरला की ते घट्ट होतं, नंबर उणेकडे सरकतो आणि काही काळ जवळचं बिनचष्म्याचं दिसतं. भिंग पिवळटही होतं. म्हणजे यार्डातल्या ढिगाच्या आधी हळद काकांच्या डोळ्यातच होती. ऑपरेशननंतर पांढरा सदरा निळसर दिसला, तर काकूंना ऐकावं लागलं, "नीळ जास्त घातलीस."

पोरांचं वेगळं. फळ्यावरचं दिसत नाही हे ती सांगत नाहीत, कारण सगळ्यांना असंच दिसतं अशी त्यांची समजूत. मग शेजारच्याच्या वहीतनं उतरवतात आणि लक्ष नाही म्हणून बोलणी खातात. डोळा मिलिमीटरभर लांबट वाढला तरी नंबर अडीच-तीननं चढतो. उघड्यावरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना हा चष्मा उशिरा लागतो, म्हणून तरी संध्याकाळी त्यांना आमराईत सोडावं.

काचबिंदूत मात्र दोष द्यायलाही काही सापडत नाही. बहुतेकांचं काही दुखत नाही, समोरचं स्वच्छ दिसतं. नजर कडेनं झिजत जाते. चौकटीला खांदा घासला तर माणूस म्हणतो, दारच अरुंद. गेलेली नजर परत येत नाही, आणि घरात कुणाला असेल तर इतरांनाही धोका जास्त. आपल्याकडं नंबर चष्म्याच्या दुकानातच काढून घेतात. काचबिंदूच्या तपासणीत लागतो तो डोळ्याचा दाब तिथं सहसा मोजत नाहीत. त्याला डॉक्टरच गाठावा लागतो.