चाकाचं भोक

आज अख्खा रविवार चार प्लॅस्टिकच्या चाकांची भोकं घासण्यात गेला! लेकाच्या कब स्काउटची (लहान मुलांचं स्काउट पथक) पाइनवुड डर्बी, म्हणजे छोट्या खेळण्यातल्या गाड्यांची शर्यत, शनिवारी आहे. 1953 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही शर्यत. लाकडी ठोकळ्याची गाडी, वजन पाच औंसांच्या आत (जेमतेम 142 ग्रॅम), आणि इंजिन म्हणाल तर फक्त उतार. म्हणजे सगळा खेळ खिळ्याच्या आसावर चाक किती कमी घासतं याचा.

पहिलं चाक मी शहाणपणा करून ड्रिलवर धरलं. आतलं प्लॅस्टिक तापून मऊ झालं, चाक डुगडुगायला लागलं. मग मुकाट्याने पाइप क्लीनरला (केसाळ, लवचिक तार) पॉलिश लावून हातानेच, वात वळावी तसं. शेवटी वंगण म्हणून ग्रॅफाइटची काळी पूड. टिचकी मारली तर चाक थांबेचना! चिरंजीव ओरडले, "बाबा, एकवीस सेकंद!" नाकाला काळं लागलेलं.