फोनला अक्कांची बोटं कळत नाहीत

आमच्या शेजारच्या अक्का तीसेक वर्षं विड्या वळतायत. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीत दुपारी कुठल्याही दारात डोकावलं की मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, कात्री, आणि हात चाललेलेच, नजर समोरच्या माणसावर आणि बोटं आपली त्यांच्या कामात. मागच्या महिन्यात अक्का फोन घेऊन आमच्याकडे आल्या, "बघ गं, पोराचा फोटो दाबला की नुसता हलतोय, फोन काय लागंना." मुलगा पुण्याला असतो, त्याचा फोटो लावून थेट कॉल जाईल असा शॉर्टकट मीच त्यांना स्क्रीनवर करून दिला होता. म्हटलं अक्का, माझ्यासमोर करून दाखवा बरं. तर त्यांनी अंगठा फोटोवर टेकवला आणि दाबला, नीट, मन लावून, वळलेल्या विडीचं तोंड बंद करताना दाबतात ना अगदी तसा. आणि फोनला वाटलं, यांना हा आयकॉन उचलून दुसरीकडे ठेवायचाय.

अक्कांच्या हिशोबात दाबणं म्हणजे जोर. फोनच्या हिशोबात दाबणं म्हणजे वेळ. बोट साधारण अर्धा सेकंद काचेवर टेकून राहिलं की तो झाला लाँग प्रेस, मग तुम्ही हलकंच टेकवा नाहीतर जीव खाऊन दाबा. आणि एकदा काम झालं नाही की माणूस काय करतो, अजून जोर लावतो, म्हणजे बोट अजून जास्त वेळ टेकतं, म्हणजे अजून चुकतं, आणि शेवटी अक्का म्हणतात मला काय हे जमत नाही बाई. हे वाक्य ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. ज्या बाईची बोटं न बघता दिवसाला हजार विड्या वळतात तिला बोटाचं काम जमत नाही? (ज्यांच्या घरात असा प्रॉब्लेम असेल त्यांच्यासाठी: अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' असतं, ते 'लाँग' करून ठेवा. आईवडिलांच्या फोनमध्ये आजच करा, दोन मिनिटांचं काम आहे.)

अजून एक गोष्ट त्या दिवशी बघितली. अक्कांनी फोन हातात घ्यायच्या आधी बोट पदराला पुसलं नाही, उलट पानं ज्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात त्या फडक्याला लावलं. मी विचारलं तर म्हणाल्या, असं केलं की ऐकतोय तो. कुणी शिकवलेलं नाही, स्वतः शोधून काढलेलं. आणि ते बरोबर आहे! फोनच्या काचेखाली वीज वाहणाऱ्या पारदर्शक थराची बारीक जाळी असते, बोट जवळ आलं की त्या जागेचा विद्युतभार किंचित बदलतो आणि तेवढा बदल फोन मोजतो. कपॅसिटिव्ह टच म्हणतात तो हाच. इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये अशा बोटाने चालणाऱ्या स्क्रीनबद्दल लिहिलं, विमान वाहतूक नियंत्रणाच्या कामासाठी, म्हणजे कल्पना आपल्या फोनपेक्षा कितीतरी जुनी आहे. पण हा बदल मोजायला त्वचेत थोडा ओलावा लागतो. तंबाखू आणि पानं हाताळून कोरडी ठक्क झालेली, घट्टे पडलेली बोटं असली की सिग्नल कमजोर येतो. ह्याच बोटांचे ठसे झिजतात म्हणून मशीनवर अंगठा चारचारदा ठेवावा लागतो तो वेगळाच त्रास. आणि ओलावा जास्त झाला तरी पंचाईत, आपल्याकडे मे महिन्यात चाळीसच्या वर पारा गेला की कपाळावरचा घामाचा एक थेंब स्क्रीनवर पडतो आणि फोन त्यालाच बोट समजतो.

मी ॲप आणि स्क्रीनची डिझाईन करते, हेच माझं पोटापाण्याचं काम. आमच्या धंद्यात 'नॅचरल' हा शब्द फार वापरतात, नॅचरल जेस्चर (जेस्चर म्हणजे हाताची किंवा बोटाची खूण), नॅचरल इंटरफेस. मला आता हा शब्द जपून वापरावासा वाटतो. दोन बोटांची चिमूट उघडली की फोटो मोठा होतो हे आपल्याला आता जन्मापासून येतं असं वाटतं, पण बहुतेकांच्या हातात ते २००७ मध्ये आयफोन आल्यानंतर आलं. अक्कांना मी एकदा विचारलं, हा फोटो मोठा करून बघायचा असेल तर काय कराल? त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. बास. आणि चिमूट करून दाखवली तर म्हणाल्या, चिमटीने उचलतात की, तंबाखू नाही का उचलत, मोठं कशाला होईल? आता सांगा, नैसर्गिक कुणाचं? डॉन नॉर्मन आणि याकोब नील्सन या डिझाईनमधल्या दोन जाणकारांनी २०१० मध्येच लिहून ठेवलंय की जेस्चरवाले इंटरफेस वापरायला सोपे होण्याऐवजी मागे चाललेत, कारण जेस्चर दिसत नाही. बटण दिसतं. स्वाइप कुठे करायचा हे स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नसतं, कुणीतरी दाखवावं लागतं, आणि चुकून झाला तर काय झालं आणि परत कसं यायचं तेही कळत नाही. मी कॉलेजात हे वाचलं होतं, पटलंही होतं, पण कळलं ते एमआयडीसीत.

दोन वर्षांपूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यासाठी आम्ही एक टॅबलेट बसवला होता. कुठला माग चालू, कुठला बंद, का बंद, धागा तुटला की कांडी संपली की लाईट गेली, हे कामगारांनी तिथल्या तिथे नोंदवायचं म्हणजे मालकाला वही बघत बसायला नको. मी फार प्रेमाने डिझाईन केलं होतं. प्रत्येक मागाची एक पट्टी, डावीकडे सरकवली की बंद, उजवीकडे सरकवली की चालू. पुण्याच्या ऑफिसात सगळ्यांनी वाहवा केली. कारखान्यात पहिल्या आठवड्यात नोंदी किती झाल्या, तर जवळपास शून्य, आणि ज्या झाल्या त्यातल्या बऱ्याच उलट्या! चालू मागाला बंद, बंद मागाला चालू. मालक म्हणाले लोकं मुद्दाम करतात. मला ते पटलं नाही म्हणून मी दोन दिवस तिथे जाऊन नुसती उभी राहिले.

एक रीत आहे, २००९ मध्ये वॉब्रॉक, मॉरिस आणि विल्सन या संशोधकांनी वापरलेली. त्यांनी २० जणांना बोलावलं, स्क्रीनवर आधी परिणाम दाखवला, म्हणजे वस्तू सरकली, मोठी झाली, पुसली गेली, आणि मग विचारलं की हे घडवायला तुम्ही हाताने काय कराल? अशी २७ कामं, प्रत्येक काम एका हाताने आणि दोन हातांनी, मिळून १०८० जेस्चर गोळा झाली. आणि त्यातले कुणीही डिझायनर नव्हते. मी तेच केलं, फक्त माझ्याकडे नऊ कामगार आणि चहाची सुट्टी एवढंच होतं. पट्टी लाल झालेली दाखवायची आणि विचारायचं, दादा, माग बंद झाला, तुम्ही हाताने काय केलं असेल असं वाटतं?

पाच जणांनी हात डावीकडे झटकला. चौघांनी उजवीकडे.

मला आधी काही कळेना. मग तिथल्या एका वयस्कर जॉबर (माग दुरुस्त करणाऱ्या) काकांनी मला मागांच्या मधल्या वाटेत नेलं आणि म्हणाले, इकडं बघा मॅडम, हा डाव्या हाताचा माग, हा उजव्या हाताचा. माग चालू-बंद करायचं हँडल काही मागांना डाव्या बाजूला असतं, काहींना उजव्या, आणि दोन्ही जातीचे माग आजूबाजूला लावतात म्हणजे एका माणसाला मधे उभं राहून दोन्हीकडे बघता येतं. हात एकीकडे झटकला की एक माग थांबतो, दुसरीकडे झटकला की दुसरा. म्हणजे त्या लोकांच्या हातात 'बंद' ह्या शब्दाला एक दिशाच नाही, मागाप्रमाणे दिशा बदलते! आणि मी ऑफिसात बसून ठरवलं होतं की डावीकडे म्हणजे बंद. माझ्या हाताने कधी माग थांबवलाच नव्हता ना. लोकं मुद्दाम काही करत नव्हती, त्यांचे हात वर्षानुवर्षं जे बरोबर करत आले तेच ते काचेवर करत होते.

मग स्वाइप काढून टाकला. प्रत्येक मागाला एकच मोठं बटण, आणि मजल्यावर माग ज्या ओळीत उभे आहेत त्याच ओळीत स्क्रीनवर बटणं, म्हणजे माणूस मान वर करून बघतो तसंच काचेवर. बटणाचा आकार पण बदलला. बटण कमीत कमी केवढं असावं, तर ॲपल ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी (ही स्क्रीनवरची मापं) म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, पण ते स्वच्छ बोटाने फोन हातात धरलेल्या माणसासाठी ठीक. इथे बोटाला तेल, तेलावर कापसाची तुसं, आणि लक्ष अर्धं मागाकडे. आम्ही थेट २० मिलिमीटर केलं. अजून एक बघितलं, आपण नेम धरतो तो बोटाच्या वरच्या बाजूने, नख बघून, पण काचेला कळतो तो खालचा मांसल भाग, त्यामुळे टच आपल्याला वाटतो त्याच्यापेक्षा खाली लागतो, आणि तिरकं उभं राहून दाबलं की अजून सरकतो. बटणांच्या मधे मोकळी जागा सोडली तेव्हा कुठे शेजारच्या मागाच्या चुकीच्या नोंदी थांबल्या.

आणि उत्तर! हाताने काही केलं की समोरून उत्तर आलं पाहिजे. मी टॅप झाल्यावर छान बारीक आवाज ठेवला होता, मागांच्या खडखडाटात माणसाला माणूस ऐकू येत नाही तिथे तो आवाज कोण ऐकणार. मग व्हायब्रेशन ठेवलं, तर तिथली जमीनच दिवसभर थरथरते. शेवटी अख्खी स्क्रीन क्षणभर रंग बदलेल असं केलं, लांबूनही दिसतं. टॅबलेट आधी खांबावर खांद्याच्या उंचीला होता, उभ्या स्क्रीनवर हात वर धरून काम केलं की खांदा भरून येतो, इंग्रजीत याला गोरिला आर्म असं नावच पडलंय. तो खाली कमरेजवळ आणला, जरा तिरका. त्यानंतर नोंदी येऊ लागल्या, आणि आजही येतात.

हवेत हात हलवून चालणाऱ्या गोष्टींकडे पण मी ह्याच नजरेने बघते. मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट, म्हणजे अंगाच्या हालचाली ओळखणारा कॅमेरा, २०१० मध्ये आलं, २०१७ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. गुगलने २०१५ मध्ये सोली नावाचं छोटं रडार दाखवलं होतं, त्यात अंगठा दुसऱ्या बोटावर हलकेच घासला की आवाज कमी-जास्त, जणू बोटांमधेच एक न दिसणारं बटण आहे. काच नाही, हात वर धरायला नको, आणि अंगठा बोटाला लागतो म्हणून स्पर्शाचं उत्तर आपलं आपल्याला मिळतं. मला ती कल्पना फार आवडली होती. २०१९ मध्ये ते रडार पिक्सेल ४ फोनमध्ये आलं, पण त्यात उरलं काय तर फोनवरून हात फिरवून गाणं बदलणं वगैरे, आणि भारतात तो फोन विकलाच गेला नाही, कारण ते रडार ६० गिगाहर्ट्झवर चालायचं आणि तिथे परवानगीची अडचण होती. पुढच्या पिक्सेल ५ मध्ये सोली काढून टाकलं.

आणि इथे अक्का रोज संध्याकाळी तेच करतात. पंचवीस विड्यांचं एक बंडल बांधून झालं की अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर, पुढचं बंडल झालं की वरच्या पेरावर, असं चार बोटांच्या बारा पेरांवर मोजत जातात. मधे कुणी बोललं, दूधवाला आला, नातू पडला, तरी अंगठा त्या पेरावर थांबलेला असतो, हिशोब हरवत नाही. स्क्रीन नाही, आवाज नाही, बघावं पण लागत नाही. एवढं चांगलं डिझाईन मी आजवर केलेलं नाही.

आता त्यांच्यासाठी एक साधी गोष्ट करतेय. हजार म्हणजे चाळीस बंडलं, कारखान्यात माल देताना त्यातल्या किती काढून टाकल्या ह्यावरून नेहमी वाद होतो, तर दिलेल्या आणि काढलेल्या बंडलांची नोंद त्यांच्याच फोनमध्ये राहावी एवढंच. स्क्रीनवर चार उभ्या पट्ट्या, प्रत्येकीला तीन खण, पेरांसारखे. दाबायला जोर लावला आणि बोट दोन सेकंद टेकून राहिलं तरी ते एकच टॅप धरायचं, लाँग प्रेस ठेवलाच नाही. काल पहिल्यांदा दिलं त्यांना. मी फोन हातात धरायला सांगत होते तर त्यांनी तो सुपातच ठेवला, कडेला टेकवून, पानांच्या शेजारी, आपोआप बरोबर तिरका झाला. डाव्या अंगठ्याने पेर मोजलं आणि मग उजव्या बोटाने खण दाबला. दोन्ही केलं. म्हटलं अक्का, आता बोटांवर नाही मोजलं तरी चालतंय. म्हणाल्या, "राहू दे की, मोजू दे. तुझा फोन चुकला तर मला कळायला नको?"