बाँडचं वर्ष

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं, म्हणजे इंटर्नशिपनंतर एक वर्ष ग्रामीण सेवा ठरलेलीच; तसा बाँड, म्हणजे करार, लिहून दिलेला असतो, नाहीतर त्याची रक्कम भरायची. तोवर मूळ मार्कशीट कॉलेजच्या कपाटात. "पैसे भरून मोकळी हो," असं बाबा एकदा म्हणाले. रक्कम पाहिली आणि रामबागेतल्या आमच्या घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

ऑनलाइन चॉइस भरताना मेरिटमधल्यांनी इंदूर-देवासच्या आसपासची आरोग्य केंद्रं उचलली. मला अलीराजपूर जिल्हा मिळाला. गंगवाल स्टँडवरून पहाटेची बस, धार, कुक्षी, जिल्ह्याच्या ऑफिसात जॉइनिंग, आणि तिथून जीप. आईने पिशवीत शेव आणि मेतकूट कोंबलं होतं.

ऑर्डरमध्ये लिहिलं होतं, निवास उपलब्ध. क्वार्टरचं कुलूप तोडलं तर आत ब्लीचिंग पावडरची पोती, मोडका स्ट्रेचर, आणि कोरडा नळ. पहिले दोन महिने मी केंद्रातल्या एएनएम (नर्स) दीदींच्या घरी राहिले. पगार चौथ्या महिन्यात आला. त्याची कटकट मी फारशी केली नाही, कारण खर्चायला तिथे होतं तरी काय! रात्री दार वाजलं की पोटात गोळा यायचा, तो मात्र वर्षभर गेला नाही.

तिथली भाषा, भिलाली, मला येत नव्हती. पोट दुखतंय की छाती, हे दीदींनी सांगितल्याशिवाय मला कळायचं नाही. आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, असा नियम आहे. आमच्या केंद्राच्या त्या सगळ्या लोकांना मी दीदींच्याच कानांनी ऐकलं.

शेजारच्या केंद्रातले डॉक्टर सर बाँडवर नव्हते, सरकारी नोकरीत होते. अशा नोकरीतल्या डॉक्टरांना दुर्गम भागातल्या सेवेसाठी पीजी नीटमध्ये, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत, वर्षाला 10 टक्के, जास्तीत जास्त 30 टक्के जादा गुण मिळू शकतात. सरांचा हिशोब सरळ होता: तीन वर्षं भरली की निघायचं. त्यांना नावं ठेवायचा मला काय हक्क, मीही दिवस मोजतच होते. पण जी सवलत डॉक्टरला आणते तीच त्याला उचलून नेते, हे तिथेच दिसलं. सरांच्या बायकोला त्या गावात नोकरी नव्हती, मुलीला शाळा नव्हती. त्याला कुठले गुण?

वर्ष संपल्यावर एनओसीच्या (ना हरकत प्रमाणपत्राच्या) वेळी सेवा बारा दिवस कमी भरली. सुट्ट्या कुणी नोंदवल्याच नव्हत्या. परत जाऊन बारा दिवस भरले, मग लायब्ररीचं नो-ड्यूज, मग कुठे मार्कशीट हातात पडल्या.

परवा दीदींचा फोन आला. विचारलं, नवे डॉक्टर आले का?

"कोई नहीं आया, मॅडमजी. क्वार्टर में फिर बोरियाँ रख दी हैं."