मॉरिशस नियोजन: बेल मार रद्द, आता पश्चिम किनारा

आईला घेऊन ऑगस्टअखेर मॉरिशसला जाण्याचा बेत होता. मागच्या नोंदीत पूर्व किनाऱ्यावरच्या बेल मारचे हॉटेल निश्चित झाले होते आणि केवळ भाड्याची गाडी व रॉड्रिग्स या दूरच्या बेटाची फेरी हे दोनच प्रश्न शिल्लक होते. त्यानंतर हॉटेलकडून पत्र आले की समुद्रासमोरची इमारत डागडुजीसाठी सप्टेंबर संपेपर्यंत बंद राहणार असून त्याच दरात बागेकडची खोली देण्यात येईल. पूर्ण परताव्याची अट आरक्षणातच असल्यामुळे ते त्याच संध्याकाळी रद्द केले. बिनपरताव्याच्या दरात थोडे पैसे वाचतात हे खरे, पण बेटावरच्या हॉटेलांच्या बाबतीत तो दर कधीच घेऊ नये, हे माझे मत या प्रकारानंतर आणखी पक्के झाले आहे.

पाटी पुन्हा कोरी झाल्यावर आधी हॉटेल न शोधता वाऱ्याचा प्रश्न हाती घेतला, कारण गेले काही महिने तोच मनात सलत होता. मॉरिशसवर वर्षाचा बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि जून ते सप्टेंबर या तिथल्या हिवाळ्यात त्यांचा जोर सर्वाधिक असतो. बेल मार, त्रू दो दूस हा पूर्व किनारा या वाऱ्याला थेट सामोरा आहे. प्रवाळभित्तीमुळे मोठ्या लाटा बाहेरच फुटतात, त्यामुळे तिथे पोहणे धोक्याचे होत नाही. परंतु लगूनच्या, म्हणजे भित्तीच्या आतल्या, उथळ पाण्यावर दिवसभर बारीक लाटा उठत राहतात आणि किनाऱ्यावर निवांत बसणे अवघड होते. हॉटेलांच्या छायाचित्रांत वारा दिसत नाही. तो प्रतिक्रियांत दिसतो, पण प्रतिक्रिया महिन्यानुसार चाळल्या तरच. मी पूर्व किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या फक्त जुलै ते सप्टेंबरमधल्या प्रतिक्रिया वेगळ्या काढल्या, तेव्हा डिसेंबरच्या पाहुण्यांनी ज्या किनाऱ्याची तोंड भरून स्तुती केली होती, त्याच किनाऱ्यावर ऑगस्टचे पाहुणे आडोसा शोधत होते. सरासरी गुणांवर हॉटेल निवडण्याची पद्धत अशा ठिकाणी का कुचकामी ठरते, हे यावरून कळते.

त्यानंतर विंडगुरू या वाऱ्याचा अंदाज देणाऱ्या संकेतस्थळावरची वाऱ्याची दिशा आणि उपग्रह नकाशावर मोजलेली प्रत्येक किनाऱ्याची दिशा शेजारी शेजारी मांडली, आणि बरेच काही उलगडले. पश्चिमेकडे तोंड असलेल्या फ्लिक आं फ्लाक आणि वोलमार या भागात आग्नेयेचा वारा जमिनीवरून, मधले पठार व डोंगर ओलांडून येतो, त्यामुळे तो बराच मंदावलेला असतो. दुपारनंतर समुद्राकडून हलकी झुळूक येते, एवढेच. पाऊसही याच हिशेबाने वाटला जातो. मधल्या पठारावर काही ठिकाणी वर्षाला 4000 मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर तो 1000 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. आपल्याकडे घाटमाथा ओलांडताच पावसाचे मान जसे झपाट्याने उतरते, तसाच हा प्रकार आहे, फक्त दिशा उलटी.

यात सर्वांत चकवणारी जागा ल मोर्न आहे. नैऋत्य टोक म्हणजे आडोशाची बाजू, असे नकाशा पाहून वाटते. परंतु 556 मीटर उंचीच्या त्या डोंगराला वळसा घालून वारा द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडच्या लगूनवर जोरात उतरतो आणि म्हणूनच पतंगाच्या साहाय्याने लाटांवर सरकणारे खेळाडू जगभरातून तिथे येतात. त्याच द्वीपकल्पाच्या पश्चिम बाजूची हॉटेले मात्र शांत असतात. म्हणजे एकाच गावाच्या नावाखाली दोन वेगळी हवामाने आहेत, आणि शोधसंकेतस्थळांच्या यादीत दोन्हींपुढे ‘ल मोर्न’ एवढेच लिहिलेले असते. ज्यांच्या यादीत ल मोर्न आहे त्यांनी हॉटेल द्वीपकल्पाच्या कोणत्या बाजूस आहे ते नकाशावर स्वतः पाहावे, दलालाच्या शब्दावर राहू नये. मी ज्या दलालाकडून दरपत्रक मागवले होते, त्याला वाऱ्याविषयी विचारताच त्याने सगळे किनारे सारखेच सुंदर आहेत असे उत्तर दिले. ते दरपत्रक मी बाजूला ठेवले.

उत्तरेचा विचारही केला. ग्रां बे आणि त्रू ओ बिश वायव्येला असल्यामुळे आडोशाला आहेत आणि पाणीही सुरेख आहे, परंतु विमानतळ आग्नेय टोकाला असल्याने जाण्यायेण्यात वेळ जातो आणि हिवाळ्यात सायंकाळी सहाच्या आसपास अंधार पडत असल्यामुळे दक्षिणेकडची शामारेलची रंगीत माती व गंगा तलाव हे तीर्थस्थान एका दिवसात जोडणे आईच्या दृष्टीने दमवणारे ठरले असते. त्यामुळे मुक्काम फ्लिक आं फ्लाकला ठरला.

इथे आणखी एक लाभ झाला. पूर्वेच्या मोठ्या हॉटेलांभोवती चालत जाण्याजोगे गाव नसते, म्हणून नाश्ता व रात्रीचे जेवण धरूनच दर घ्यावा लागतो आणि शाकाहारी माणसाला त्याचा पुरेपूर मोबदला मिळत नाही. फ्लिक आं फ्लाकला स्वयंपाकघर असलेली भाड्याची घरे भरपूर आहेत, किराणा जवळ मिळतो आणि गरम ढोलपुरी (डाळीचे सारण भरलेली पातळ पोळी) रस्त्यावर मिळते. मला तळमजल्याचे, समुद्रापासून सुरूच्या झाडांच्या एका पट्ट्याइतके दूर असलेले घर मिळाले आहे. घरमालकीणबाईंनी मागताच दारातल्या पायऱ्यांचे आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याचे फोटो पाठवले, याचे मला फार समाधान वाटले, कारण आईच्या गुडघ्यांसाठी या दोनच गोष्टी निर्णायक होत्या. दरांची तुलना करताना 1 ऑक्टोबर 2025 पासून बारा वर्षांवरील प्रत्येक पर्यटकाला दर रात्री लागू झालेले 3 युरोचे शुल्कही हिशेबात धरावे.

हे लिहीत असतानाच तारखांचा विचार बदलला आहे. बेत ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याचा होता. परंतु मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि गेल्या वर्षांच्या याद्या पाहिल्या तर ती आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते (2024 मध्ये 8 सप्टेंबर, 2025 मध्ये 28 ऑगस्ट). तिथल्या मराठी समाजाचे बरेचसे पूर्वज कोकणातून गेलेले, आणि फ्लिक आं फ्लाकच्या किनाऱ्यावर विसर्जनही होते. कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारी झाकरी तिथे अजून नाचली जाते, हे आईला सांगितले तेव्हा तिनेच तारखा पुढे ढकलायला सांगितल्या. यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. घरचा गणपती थोरल्या दादांकडे असतो आणि त्यांनी मोकळ्या मनाने परवानगी दिली आहे. सप्टेंबरात वारा टिकून असला तरी पाऊस कमी असतो, त्यामुळे हवामानाच्या दृष्टीनेही या बदलात तोटा नाही.

याचा परिणाम म्हणून रॉड्रिग्स या खेपेस गळाले. बेट सुमारे 600 किलोमीटर पूर्वेला, उघड्या समुद्रात आहे, त्यामुळे तिथे वाऱ्याला आडोसा मिळणे कठीण. शिवाय जाऊन येण्यात गणपतीचे दिवस गेले असते. त्या मोकळ्या झालेल्या वेळात राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट येईल, जिथे भारतातून गेलेले करारबद्ध मजूर उतरत आणि जो 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि शेवटची रात्र विमानतळाजवळ ब्लू बेला काढू. तिथली खाडी बरीचशी बंदिस्त असली तरी तिची दिशा मी अजून मोजलेली नाही. ते झाल्यावर आणि फ्लिक आं फ्लाकच्या घराच्या तारखा बदलून मिळाल्यावर पुढची नोंद लिहीन. सप्टेंबरात ब्लू बेला कोणी राहिले असल्यास खोली कोणत्या बाजूची होती, तेवढे अवश्य कळवावे.