तुम्ही विचारलंत म्हणून : दुखत नाही का हो त्यांना?

वर्षातून तीनदा मी आमच्या बाल्कनीतल्या जुन्या टेबलावर रबरी पायपुसणं टाकते, खाली वर्तमानपत्र पसरते आणि गुरुजींचे केस उपटायला बसते. नेमका त्याच वेळी सांगलीहून मावशीचा व्हिडिओ कॉल येतो. "अगं बाई, जिवंत जनावराचे केस उपटतेस? तुमच्या जर्मनीत कात्री मिळत नाही का?" मंडळाच्या गणपतीत ताट हातात धरून हाच प्रश्न, भारतातून आलेल्या पाहुण्यांचा हाच प्रश्न, आणि पुण्याच्या एका मैत्रिणीने तर प्रश्न न विचारता नुसताच रडका चेहरा पाठवला होता. तुम्हीही विचारलंत. तर, नाही दुखत. पण हे एवढंच सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर 'हो, तू म्हणणारच' असं उमटतं. म्हणून सविस्तर.

गुरुजी म्हणजे आमचा कुत्रा. आपल्याकडे ज्याला डॅशहाऊंड म्हणतात तो. इथे म्युनिकमध्ये डाकेल म्हणतात, आणि शिकारी मंडळी टेकेल. त्यातला राठ केसांचा, राउहार. आठ आठवड्यांचं पिल्लू घरी आणलं तेव्हाच त्याला भुवया होत्या, मिशा होत्या आणि हनुवटीखाली दाढीची सुरुवात. नवरा म्हणाला, हा तर निवृत्त मुख्याध्यापक आहे. तेव्हापासून गुरुजी. आणि एकदा गुरुजी म्हटलं की 'बसला', 'खाल्लं' म्हणवत नाही. गुरुजी बसतात, गुरुजी जेवतात, गुरुजी सोफ्यावर घोरतात. शेजारच्या जर्मन बाईंना नावात काहीतरी अध्यात्म असल्यासारखं वाटतं. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

या शहराला डाकेलचं वेड जुनं आहे. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचा शुभंकर म्हणून जो रंगीबेरंगी वाल्डी होता, तो डाकेलच. पण तो लांब केसांच्या डाकेलवरून बेतलेला, राठ केसांच्या नव्हे. गुरुजींचा त्यावर आक्षेप असावा असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटतं, पण तसं ते सगळ्याच गोष्टींबद्दल वाटतं.

डाकेलमध्ये केसांचे तीन प्रकार : तुळतुळीत, लांब आणि राठ. राठ हा उशिराचा. एकोणिसाव्या शतकात शिकाऱ्यांना काटेरी झुडपात आणि बिळात घुसणारा, पण अंग न सोलवटणारा कुत्रा हवा होता. म्हणून श्नाउझर आणि डँडी डिनमाँट टेरियरसारख्या दाढीवाल्या जातींशी संकर केले. म्हणजे हे केस शोभेसाठी नाहीत, ते चिलखत आहे. वर तारेसारखे ताठ केस आणि त्यांच्या आत दाट, मऊ लोकर. आत बनियन आणि वर घोंगडं, असं समजा.

आता उपटण्याकडे येते. पण आधी लहानपणीची एक गोष्ट सांगते, कारण मला स्वतःला हे त्यातूनच पटलं.

रविवारी जेवणं झाली की बाबा आरामखुर्चीत बसायचे आणि मी मागे उभं राहून त्यांचे पिकलेले केस उपटायचे. दर ठरलेला होता, दहा केसांना चार आणे. केस एकेक करून त्यांच्या तळहातावर ठेवायचे, कारण हिशेबात खोट चालायची नाही. आजी ओरडायची, "एक उपटलास तर सात येतील." बाबा तिसऱ्या-चौथ्या केसाला घोरायला लागायचे. दुखत असतं तर झोपले असते का? मात्र घाईत चुकून एखादा काळा केस हाती आला की ताडकन जागे व्हायचे.

कुत्र्याच्या बाबतीत जर्मन माणूस 'ट्रिमराइफ' असा शब्द वापरतो, म्हणजे केस उपटण्याइतके पिकलेत. आपल्याकडे केस पिकला म्हणजे पांढरा झाला. इथे पिकला म्हणजे वाढून संपला, मुळाशी सैल झाला, पण गळायचा मात्र राहिला. साध्या कुत्र्याचा मेलेला केस आपसूक गळतो आणि तुमच्या काळ्या पँटवर येऊन बसतो. राठ केसवाल्यांचा तसा गळत नाही, बराच काळ जागच्या जागी अडकून राहतो. 'हा कुत्रा केस गाळत नाही' असं जे कौतुकाने सांगतात, त्याचा अर्थ एवढाच की गाळायचं काम तुमच्या गळ्यात आलं.

हे सगळं कशामुळे होतं, याचं उत्तर 2009 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलं. कुत्र्यांच्या केसांची बहुतेक सगळी विविधता अवघ्या तीन जनुकांवर बेतलेली निघाली. लांबीचं एक, कुरळेपणाचं एक आणि दाढी-मिशांचं एक. हे तिसरं म्हणजे आर-एस-पी-ओ-2. त्यात डीएनएच्या 167 अक्षरांचा एक जादा तुकडा शिरला की भुवया, मिशा आणि राठपणा येतो. आई किंवा बाप, कुणा एकाकडून मिळाला तरी पुरतो. एकाच जातीत तिन्ही प्रकारचे केस आहेत म्हणून त्या अभ्यासाला डाकेल फार उपयोगी पडले. मी हे गुरुजींना वाचून दाखवलं. ते उठून पाणी प्यायला गेले आणि ओली दाढी माझ्या मांडीला पुसून परत झोपले.

आता माझा गुन्हा. तुमच्या प्रश्नाने मीही एकदा विरघळले होते. गुरुजी दोन वर्षांचे होते आणि तोवर त्यांच्या पैदासकार बाईच ट्रिमिंग करून देत. बाईंची तब्येत बिघडली म्हणून मी एका सलूनमध्ये गेले. तिथल्या मुलीने विचारलं, "ट्रिमेन ओडर शेरेन?" उपटू की मशीन मारू? इंग्रजीत ट्रिम म्हणजे कापणं, जर्मनमध्ये कुत्र्याला ट्रिम करणं म्हणजे उपटणं, हा घोळ तोवर मला कळलेला होता, त्यामुळे भाषेवर ढकलायला जागा नाही. मी समजून उमजून 'शेरेन' म्हटलं. बिचाऱ्यांना कशाला त्रास. पंचवीस मिनिटांत गुरुजी मखमलीसारखे होऊन बाहेर आले. सगळ्यांनी कौतुक केलं. मावशीने तर दृष्ट काढायला सांगितली.

पुढच्या तीन महिन्यांत काय झालं ते सांगते. गुरुजींचा रंग रानडुकरी, म्हणजे एकेक केस पट्ट्यापट्ट्यांचा : टोक काळं, मध्ये फिका पट्टा, मुळाशी पुन्हा वेगळं. मशीनने काळी टोकंच गेली, राहिला धुरकट करडा. राठ केसाचा जाडपणा आणि ताठपणा टोकाकडे असतो, मुळाकडचा भाग बारीक आणि मऊ. म्हणजे मी चिलखत कापून अस्तर ठेवलं होतं. आधी इजार नदीच्या काठी पावसात फिरून आले की गुरुजी एकदा अंग झाडायचे आणि वाळायचे. आता भिजलेल्या गोधडीसारखे जड व्हायचे, वास मारायचे. मेलेल्या केसांची खुंटं तशीच अडकलेली, त्यांच्या शेजारून नवे केस फुटू बघतायत, लोकर दाटून तिचा नमदा झालेला. शेपटीच्या मुळाशी एक लाल, ओलसर चट्टा निघाला. खाजवून खाजवून त्यांना झोप नाही आणि मला नाही. डॉक्टरांकडून मलम आलं. आणि केस पूर्ववत व्हायला सव्वा वर्ष लागलं, कारण मऊ झालेला केस बोटात धरवत नाही, तुटतो, आणि तो उपटताना मात्र खरंच दुखतं. दुखू नये म्हणून केलं आणि तेवढ्या काळापुरतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' झालं.

मग त्या पैदासकार बाईंनीच मला शिकवलं. त्या चाळीसेक वर्षं डाकेल सांभाळतायत. बोलतात कमी आणि चूक झाली की मनगटावर टिचकी मारतात. पहिला धडा बघण्याचा. पाठीवर कण्याच्या रेषेत आपोआप भांग पडल्यासारखा दिसला की केस पिकायला लागले. मग खांद्यावरचे चार-पाच केस चिमटीत धरून हलकेच ओढायचे. कातडी वर न येता केस हातात आले तर काम सुरू. कातडी तंबूसारखी उचलली गेली, तर पंधरा दिवस थांबायचं. दुसरा धडा हाताचा. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने ओढ, मनगट न वळवता. एका वेळी थोडेच. बोटांना रबरी टोपणं घालतात, बँकेतले कॅशियर नोटा मोजायला घालायचे अगदी तशीच. मी माझी सांगलीहून स्टेशनरीच्या दुकानातून मागवली, इथल्या दुकानात त्यांनाच चौपट पैसे मोजावे लागतात. केस निसटत असतील तर चिमूटभर खडूची पूड.

गुरुजी या सगळ्याला कसे वागतात? मान, पाठ, बरगड्या चालू असताना त्यांचे डोळे मिटतात, खालचा ओठ लोंबतो. अगदी बाबांची आरामखुर्ची. पण गळा, पोट, मांडीची आतली बाजू आणि शेपटीखाली कातडी नाजूक असते. तिथे मी उपटत नाही, कात्री चालवते. जीभ नाकाला लावली, उगाच जांभई दिली, कान मागे गेले, की गुरुजींचा तास संपला. विसेक मिनिटं, मग चीजचा तुकडा, राहिलेलं उद्या. चार दिवसांत पुरं होतं. त्यानंतर काही आठवडे ते नुसत्या बनियनवर असतात, म्हणून ऐन थंडीत हे काम काढायचं नाही. दोन-अडीच महिन्यांत नवं घोंगडं येतं, पाचर मारल्यासारखं घट्ट आणि काळ्या टोकांचं.

आंघोळ? चिखलात लोळले तर. एरवी नाही. शाम्पूने केस मऊ पडतात आणि सगळी मेहनत वाया जाते. मावशीला हे उपटण्यापेक्षाही जास्त झोंबलं.

दाढीचं प्रकरण मात्र रोजचं आहे आणि त्यात काही काव्य नाही. पाणी प्यायल्यावर दाढीतून स्वयंपाकघर ते हॉल अशी ठिबकांची रांग लागते. दहीभात दाढीत वाळला की त्याचं सिमेंट होतं. जेवणानंतर ओल्या फडक्याने पुसायचं आणि कंगवा फिरवायचा, नाहीतर ओठांच्या घडीत वास धरतो.

आणि कुसळं! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, पण गुरुजींच्या पायातलं दिसत नाही, तिथेच घोटाळा आहे. मे ते जुलै इथल्या रानगवताला सातूसारखी ओंबी धरते. तिच्या कुसळाला उलटे काटे असतात, एकदा शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यातल्या केसांत अडकून कातडीत घुसलं तर पू होतो, कानात गेलं तर भूल देऊन काढावं लागतं. फिरून आलं की चारी पंजे, काखा आणि कान बोटांनी चाचपायचे. गोचिडीही त्याच वेळी सापडतात. मऊ नमद्याच्या त्या वर्षात एका पावलातून मी सात कुसळं काढली होती.

पुण्या-मुंबईतून कुणी 'आम्ही घेऊ का' असं विचारतं, तेव्हा मी केसांबद्दल नंतर बोलते. आधी पाठ. डाकेलची पाठ लांब, मणक्यांमधल्या चकत्या लवकर दगा देतात, म्हणून जिने उचलून, सोफ्यावरून उड्या बंद, वजन ताब्यात. छोट्या आकाराचा राठ डाकेल घेत असाल तर आईबापांची लाफोरा या आजाराची जनुकीय चाचणी झाली आहे का, ते कागदावर बघा. त्यात पुढे वय झाल्यावर अचानक आवाजाने किंवा चमकत्या उजेडाने झटके येऊ लागतात. हे सगळं मान्य असेल तर मग केस. तिकडे दिसणारे श्नाउझर बहुतेक मशीनने कापलेलेच असतात आणि त्यांचं चाललेलं असतं. म्हातारा झालेला, आजारी किंवा जन्मभर मशीनच लागलेला कुत्रा असेल तर मीही मशीनच म्हणेन. पण तरणाताठा, राठ केसांचा घेताय आणि उपटायला वेळ नाही, तर तुळतुळीत घ्या. तोही तितकाच हट्टी असतो, कमी पडणार नाही.

गेल्या मे महिन्यात बाबा आले होते. त्यांच्या डोक्यावर आता एकही काळा केस नाही, त्यामुळे माझा तो धंदा कायमचा बसला. एके दुपारी मी त्यांना रबरी टोपण दिलं. पहिली चिमूट उलट्या दिशेला गेली. गुरुजींनी नुसती मान वळवून पाहिलं. बाबांनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय, पण त्या नजरेने तेही सरळ बसले. मग हात बसला. अर्ध्या तासाने बघते तर दोघेही झोपलेले, आणि वर्तमानपत्रावर करड्या-काळ्या केसांचा ढीग.

उठल्यावर बाबा म्हणाले, "हे कठड्यावर ठेवू, चिमण्या घरट्याला नेतील." मी नको म्हटलं. गोचिडीसाठी गुरुजींच्या मानेवर औषध टाकतो, ते केसांत उतरतं आणि पिल्लांना बाधतं. बाबांनी वाण्यासारखी कागदाची नीट पुडी बांधली, दोरा गुंडाळला आणि विचारलं, "कचऱ्याचा कुठला डबा?"

"काळा."

"आणि कागद? तो निळ्यात ना?"

पुडी परत सोडली.