आमची वाटचाल : शिर्डी-त्र्यंबक ते सिसिली

नाशिकमध्ये ट्रॅव्हल्सचा धंदा म्हणजे शिर्डी, त्र्यंबक, वणी आणि सीझनला लग्नाची वऱ्हाडं. आमचंही त्याच्यावरच चाललं होतं. गाड्या आणि हिशेब हे, म्हणजे माझे यजमान, बघायचे, बुकिंग आणि लोकांची बोलणी मी. परदेशाचं खातं उघडलं ते द्राक्षबागायतदारांमुळे. निफाड-पिंपळगावकडची ही मंडळी युरोपला माल पाठवणारी. त्यांना आयफेल टॉवरमध्ये काडीचा रस नव्हता. बाग दाखवा, पॅकहाउस दाखवा, पाणी कसं देतात ते दाखवा. असे अभ्यास दौरे आम्ही उत्तर इटलीत नेऊ लागलो. तिथल्या एका रोपवाटिकेतल्या माणसानं सांगितलं, शंभर वर्षांची, बिनखुंटाची, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळावर कलम न केलेली वेल बघायची असेल तर खाली एटना ज्वालामुखीकडे जा. एवढ्या एका वाक्यावर आम्ही सिसिलीत पोचलो आणि मग तिथलेच झालो.

सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सगळ्यात मोठं बेट. क्षेत्रफळ साधारण २५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळपास सातपट. इटलीच्या मुख्य भूमीपासून मध्ये मेसिनाची सामुद्रधुनी, अरुंद जागी जेमतेम तीन किलोमीटर. पुलाच्या गप्पा कित्येक दशकं चालू आहेत. तोवर रेल्वेगाडीचे डबे सुटे करून बोटीच्या पोटात ढकलतात, रुळावरून रुळावर. आमचा एक गट एकदा रोमहून रेल्वेनं नेला. डबा बोटीत शिरतोय म्हटल्यावर झोपलेले काकासुद्धा चपला शोधत उठले. वेळ फार जातो म्हणून आता आम्ही विमानानंच नेतो, पण तो प्रकार प्रत्येकानं एकदा तरी बघावा.

आता त्या वेलींबद्दल. एटनाच्या उत्तर उतारावर काळ्या दगडाचे गडगे रचून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा आहेत. मांडव नाही, वेल चढवायला वाय आकाराचा आधार नाही, तारही नाही. चेस्टनटच्या एकेका काठीला बांधलेली, कमरेएवढी, झाडासारखी वाढवलेली वेल. जात नेरेलो मास्कालेझे. आमच्या गटातल्या दादांनी खाली बसून खोड बोटांनी चाचपलं आणि पहिला प्रश्न टाकला, "खुंट कोणता?" आमच्याकडे डॉगरीज या खुंटाशिवाय पान हलत नाही, त्यामुळे प्रश्न रास्तच. बागवाला म्हणाला, खुंट नाहीच. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीनं युरोपभरच्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हा सगळ्यांना अमेरिकन खुंटावर कलमं करावी लागली. एटनाच्या रेताड ज्वालामुखी मातीत ती कीड नीट रुजली नाही, म्हणून काही जुन्या वेली स्वतःच्या मुळांवर अजून उभ्या आहेत. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मूठभर माती रुमालात बांधायला लागले. विमानतळावर चालणार नाही, असं सांगून ती परत टाकायला लावली.

दौऱ्याची तारीख ठरवणं हे मात्र दरवर्षी डोकेदुखीचं. एटनावरची तोडणी सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडे गोड्या बहाराची छाटणी. बागायतदार घर सोडणं शक्य नाही. त्यांना आम्ही ऑगस्टअखेरीला नेतो. पश्चिमेला मार्सालाकडे तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झालेली असते आणि वर्ष विषम असेल तर ब्राँतेचा पिस्ता तयार होत आलेला असतो. ब्राँते एटनाच्या पायथ्याचं गाव. तिथं लाव्ह्याच्या खडकात पिस्त्याची झाडं आहेत आणि पीक एक वर्षाआड घेतात. सम वर्षी कळ्या हातानं खुडून टाकतात, झाडाला विश्रांती म्हणून. ऐकून आमच्यातल्या निम्म्यांनी मान डोलावली आणि निम्म्यांनी "कर्जाचा हप्ताही वर्षाआड असतो का?" असं विचारलं. हे सगळं गणपतीच्या आधी उरकून परत यायचं. शिवाय उन्हाळा कडक. ११ ऑगस्ट २०२१ ला सिराकुझाजवळ ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं, युरोपातला अधिकृत उच्चांक. नाशिककरांनाही ते झेपत नाही, त्यामुळे दुपारी गाडी बाहेर काढायची नाही हा नियमच.

बागायतदार घरी जाऊन सांगू लागले, मग घरच्यांनी धोशा लावला. अशी आमची कौटुंबिक सहल सुरू झाली. इथे बाजाराशी आमचं फाटलं. तेव्हा जाहिराती होत्या दहा दिवसांत सात देश, आठ देश अशा. लोक विचारायचे, एवढ्या पैशात एकच बेट? मी सांगायचे, हो, एकच. ग्रीक, रोमन, अरब, नॉर्मन, स्पॅनिश असे सगळे जिथे येऊन राहून गेले, तिथं देश बदलायची गरज काय? काही जण उठून जात. जे राहिले त्यांच्यावरच आमचा धंदा उभा आहे.

इतिहास सांगायची माझी पद्धत सोपी आहे. सनावळीचा कागद वाटत नाही. सिराकुझाच्या कॅथेड्रलमध्ये नेऊन उभं करते. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात कोरिंथहून आलेल्या ग्रीकांनी हे शहर वसवलं, आर्किमिडीज इथलाच, ख्रिस्तपूर्व २१२ मध्ये रोमन सैनिकाच्या हातून इथेच मेला. कॅथेड्रलची, म्हणजे मुख्य चर्चची, दर्शनी बाजू बरोक या नक्षीदार शैलीतली, १६९३ च्या भूकंपानंतरची. आत शिरलं की भिंतीतून जाडजूड, डोरिक या साध्या ग्रीक शैलीचे खांब बाहेर डोकावतात. ते अथेनाच्या देवळाचे, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातले. देवळाच्या खांबांमधल्या फटी बुजवून चर्च केलं, ८७८ मध्ये अरबांनी शहर घेतल्यावर मशीद झाली, पुन्हा चर्च. खांब तेच. एक मावशी त्या खांबाला नमस्कार करून आल्या. मी विचारलं नाही कोणाला केला ते.

अरबांविषयी थोडं जास्त बोलते, कारण तिथे आपलाही धागा आहे. ८२७ मध्ये ते माझाराला उतरले आणि ८३१ मध्ये पालेर्मो घेतलं. त्यांच्याबरोबर लिंबू, ऊस, कापूस आणि वांगं आलं, जमिनीखालच्या पाटांचं तंत्र आलं. वांगं मुळात आपल्याकडचं. आज सिसिलीत वांग्याशिवाय जेवण होत नाही, कापोनाता घ्या नाहीतर कातानियाचा पास्ता आला नोर्मा घ्या. शाकाहारी गटाचं तिथे काय होणार ही भीती मला पहिल्यापासून नव्हती. पालेर्मोच्या गाड्यांवर पानेल्ले मिळतात. चण्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचं, थापायचं, वड्या पाडून तळायच्या. पाटवडीच ती, फक्त हिंग-मिरचीचा पत्ता नाही. पावात घालून लिंबू पिळून देतात. आमच्या सहलीत कोणीतरी लसणाची चटणी काढतंच.

अरबांनंतर नॉर्मन. दुसरा रॉजर ११३० मध्ये राजा झाला. त्याच्या दरबारात अल-इद्रिसी या अरब भूगोलतज्ज्ञानं ११५४ मध्ये जगाचा नकाशा पुरा केला, आणि त्याच्या राजवाड्यातल्या चॅपेलला भिंती बायझंटाईन सोनेरी मोझाइकच्या, छत अरबी कारागिरांचं. ते बघायला सकाळी उघडतानाच जावं. दहानंतर माना वर करायलाही जागा नसते.

माझ्या मते खरी जागा बेटाच्या मध्यावर आहे आणि घाईची सहल ती हमखास गाळते. पियाझा आर्मेरिनाजवळची रोमन हवेली, चौथ्या शतकातली. बाराव्या शतकात चिखलाखाली गाडली गेली, म्हणून जमिनीवरचं मोझाइक वाचलं. साडेतीन हजार चौरस मीटर. त्यातल्या साठेक मीटर लांब ओसरीत शिकारीचा देखावा आहे, रोमच्या खेळांसाठी जनावरं पकडून जहाजावर चढवताहेत. टोकाला अर्धगोलात एक सावळी स्त्री बसलेली, हातात हस्तिदंत, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला वाघीण. अनेक अभ्यासक तिला भारताची प्रतिमा मानतात, काही जण आफ्रिकेची म्हणतात. वाघीण आहे म्हटल्यावर आमच्या गटात मतदान एकतर्फीच होतं.

निसर्ग म्हटला की सगळे एटनाचं नाव घेतात, आणि ते बरोबरही आहे. उंची ३,३०० मीटरच्या वर. नेमकी सांगू नये, दर उद्रेकाला शिखर वाढतं नाहीतर ढासळतं. १६६९ मध्ये लाव्हा कातानिया शहरात घुसून समुद्रापर्यंत गेला. तेव्हा पाण्याकाठी असलेला उर्सिनो किल्ला आज शहरात आत उभा आहे. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथला दगड शिवाजी महाराजांच्या काळातला आहे, हे सांगितलं की लोक पायाखाली बघायला लागतात. कातानियाच्या चौकात याच काळ्या दगडाचा हत्ती आहे, पाठीवर इजिप्शियन स्तंभ घेतलेला. तोच शहराचं चिन्ह. गणपतीची आठवण होऊन फोटोला रांग लागते.

पण माझं मन झिंगारोत आहे. वायव्य किनाऱ्यावर सरकारला सागरी रस्ता काढायचा होता. मे १९८० मध्ये हजारो लोक रस्ता नको म्हणून चालत गेले. रस्ता थांबला आणि १९८१ मध्ये सिसिलीचं पहिलं संरक्षित क्षेत्र तिथे झालं. सात किलोमीटरची पायवाट, खाली हिरवंनिळं पाणी, कडेला बुटके ताड, गाडी नाही, हॉटेल नाही, टपरीही नाही. पाणी आपलं आपण न्यायचं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना मी आधीच त्रापानीच्या मिठागरांकडे पाठवते. तिथे पवनचक्क्या आहेत आणि मिठाच्या ढिगांवर पावसासाठी कौलं रचलेली असतात.

धंद्याच्या अडचणी विचाराल तर एटनाची राख. वारा फिरला की कातानियाचा विमानतळ बंद. एकदा आमचा अख्खा गट बसनं पालेर्मोला नेऊन तिथून परत पाठवावा लागला. तेव्हापासून शेवटची रात्र पालेर्मोतच ठेवतो. तिथल्या विमानतळाला फाल्कोने आणि बोर्सेलिनो या, १९९२ मध्ये माफियानं मारलेल्या दोन न्यायाधीशांचं नाव आहे. माफियाचे प्रश्न येतातच. मी त्यांना खंडणी न देण्याची जाहीर शपथ घेतलेल्या दुकानांचे स्टिकर दाखवते आणि खरेदी तिथेच करायला लावते. सिनेमातल्या डॉनचे छापील टी-शर्ट घ्यायला आमची गाडी थांबत नाही.

२०२० मध्ये सगळंच बंद पडलं. आगाऊ रकमा परत करताना दोन गाड्या विकल्या. हे परत लग्नाच्या वऱ्हाडांकडे वळले, मी घरून कांदा-द्राक्षवाल्यांच्या कागदपत्रांची कामं केली. सहली सुरू झाल्या तेव्हा जुन्याच लोकांनी आधी फोन केले.

यंदा पांतेल्लेरिया घेतोय. हे बेट सिसिलीत मोडतं, पण ट्युनिशियाला जवळ. वारा इतका की वेली खळग्यात लावतात, आणि लिंबाच्या एकट्या झाडाभोवती दगडी गोल बुरूज बांधतात. २०१४ मध्ये वेलींच्या त्या पद्धतीला युनेस्कोनं मान्यता दिली. द्राक्षं उन्हात सुकवून गोड वाइन करतात, म्हणून तासगावच्या बेदाणेवाल्यांनी आधीच नावं दिली आहेत. बोट वाऱ्याच्या मर्जीवर सुटते. त्यामुळे एक दिवस हातचा ठेवलाय, आणि ज्यांना परतीच्या दुसऱ्याच दिवशी कामावर हजर व्हायचंय त्यांनी या गटात नाव देऊ नये, असं फोनवरच सांगते.